कातऱ्याचं जाकीट

उन्हाळा त्या वर्षी तीन आठवडे आधीच येऊन बसला, आणि खुंट्याला नको त्या माणसाला निरोप धाडावा लागला.

खुंटा हे काही त्याचं जन्मनाव नव्हे. पण जन्मनावाने हाक मारली तर तो मागे वळून दुसरं कुणी उभं आहे का ते बघायचा. ठोकला तिथे उभा, आणि हलवायला जावं तर आणखी घट्ट, म्हणून खुंटा. साठएक मेंढ्या, त्यांना कोंडायचा दगडी कुंपणाचा वाडगा, दोन खोल्यांचं घर आणि शेहेचाळीस वर्षं सोबत असलेली बायको एवढा त्याचा संसार.

नको तो माणूस म्हणजे कातऱ्या. मेंढ्यांची लोकर उतरवणारा. त्याच्या कातरीबद्दल लोक वाटेल ते सांगायचे. एकदा म्हणे त्याने झोपलेली मेंढी कातरली. ती सकाळी गारठ्याने शिंकली तेव्हा कुठे तिला कळलं. चालत्या कळपात मागून शिरला आणि पुढून निघाला तोवर अर्धा कळप उघडा झाला होता, असंही एक जण शपथेवर सांगे. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

खुंट्याचं त्याच्याशी वैर होतं, आणि तेही एकट्याने सांभाळलेलं. झालं होतं एवढंच, की खुंट्याच्या आधी कातऱ्याने याच मुलीला, म्हणजे खुंट्याच्या बायकोला, मागणी घातली होती. ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत कुणीतरी घास चावता चावता बोलून गेलं. बोलणारा मरूनही वीस वर्षं झाली, पण तो घास खुंट्याच्या घशात अडकला तो अडकलाच. दर वर्षी लोकर उतरवायचे दोन दिवस आले की तो कातऱ्याला वाडग्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात बसवायचा. पाणी स्वतः न्यायचा, जेवणाचं ताट स्वतः न्यायचा. बायकोला मागच्या खोलीत काहीतरी निवडायला बसवायचा. काही निवडायचं नसेल तर निवडलेलंच पुन्हा निवडायला लावायचा. ती निमूट निवडायची. शेहेचाळीस वर्षांत या विषयावर दोघांत एक अक्षर झालं नाही.

मग म्हातारीची आठवण उसवायला लागली. आधी चुलीवरचं विसरली, मग चूल विसरली. गेल्या वर्षी कातऱ्या कामाला बसला होता तेव्हा ती केस मोकळे सोडून अंगणात आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि हसली. खुंट्यासमोर ती सहा महिने हसली नव्हती. त्या संध्याकाळी कातऱ्याच्या हातात मजुरी ठेवताना खुंटा म्हणाला, पुढच्या वर्षी येऊ नकोस, मी दुसरा बघतो.

दुसरा मिळाला नाही. असलेले सगळे कारखान्यात लागले होते. मग खुंट्याने स्वतः कातर हातात घेतली. पहिल्या तीन मेंढ्यांच्या कातड्याला चिरा पडल्या, चौथीचं थान कापलं, आणि पाचवीने त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की तो दोन दिवस लंगडत होता. तेवढ्यात ऊन वाढलं. लोकरीच्या ओझ्याखाली मेंढ्या धापा टाकायला लागल्या. एक मेंढी दुपारी बसली ती उठलीच नाही. मागे तिचं आठ दिवसांचं कोकरू राहिलं. दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू त्याच दिवशी गेलं. खुंट्याने त्या मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं आणि त्याला त्या मेंढीपुढे ढकललं. मेंढीने हुंगलं, दोनदा पाय आपटले, आणि पिऊ दिलं. हे काम खुंट्याला झोपेतही यायचं. आठवड्याने कातडं काढायचं. तोवर मेंढीने त्याला आपलं म्हटलेलं असतं.

त्याच दिवशी, रविवारी, मुलगा आला. तो शहरात बसगाड्यांच्या दुरुस्तीचं काम करायचा, आणि आईची नखं कापायला म्हणून दर महिन्याला यायचा. यावेळी आईने हात दिला नाही. तिच्या अंगाला सोळा दिवस पाणी लागलं नव्हतं. केसांची जट झाली होती. पाठीवर आणि काखेत लाल चट्टे उठले होते. दवाखान्याच्या बाईने सांगून ठेवलं होतं, की हे धुऊन कोरडं ठेवलं नाही तर कातडी फुटेल आणि मग आवरणार नाही.

मुलगा वाईट नव्हता. त्याने आवाजही चढवला नाही. म्हणाला, "आबा, शहरातल्या एका संस्थेत एक जागा रिकामी होतेय. अशा माणसांचं बघणाऱ्या बायका आहेत तिथे. पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर तिला आंघोळ घालता आली तर ठीक. नाहीतर मी तिला नेतो."

"माझी बायको आहे ती," खुंटा म्हणाला.

"हे तिला सांगा," मुलगा म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

सोमवारी खुंट्याने कंबर कसली. पाणी तापवलं, बादली भरली, तिला दंडाला धरून न्हाणीघरात नेलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आंघोळ कर, म्हणाला. ती म्हणाली, झाली. तो म्हणाला, कधी झाली? सतरा दिवस झाले. ती म्हणाली, तुम्ही कोण मोजणारे? तेव्हा त्याने तिच्या कपड्यांना हात घातला आणि वरून तांब्या ओतला. म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला, आणि अशी किंचाळली की वाडग्यातल्या मेंढ्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. "हा माणूस माझे कपडे काढतोय," ती ओरडत होती. "आमचे घरात नाहीत म्हणून शिरलाय."

आमचे म्हणजे कोण, हे विचारायचं खुंट्याला धाडस झालं नाही. त्याच्या डोक्यात एकच माणूस आला. ओल्या बाहीने मनगट बांधत तो दाराबाहेर बसला आणि मंगळवारी दुधाच्या गाडीवाल्याबरोबर त्याने कातऱ्याला निरोप धाडला: मेंढ्या मरतायत, ये.

बुधवारी उजाडता उजाडता कातऱ्या आला. वाकलेला, वाळलेला, दोन दात राहिलेला. पण हात तेच. अंगात तेच बिनबाह्यांचं जाकीट, चाळीस वर्षांचा लोकरीचा चिकटा पिऊन मेणकापडासारखं झालेलं. ते काढून ठेवलं तर आपोआप उभं राहायचं, असं लोक म्हणायचे. गेल्या वर्षीचं त्याने काही काढलं नाही. "मालक, निरोप मिळाला," एवढंच म्हणाला आणि सवयीने पलीकडच्या कोपऱ्याकडे चालू लागला.

खुंटा मेंढ्या धरून आणत होता आणि कातऱ्या त्यांना उघड्या करत होता. तो मेंढीला समोरून कधी भिडत नसे. बाजूने जायचा, आधी हाताची पाठ तिच्या मानेला टेकवायचा, मग एका झोकात तिला ढुंगणावर बसवून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना लावायचा. मेंढी डोळे अर्धे मिटून गप्प. खुंटा दोरीने ओढायचा, हा गुडघ्याने धरायचा. दोघांच्या हातात तीच मेंढी, पण दोन वेगळी जनावरं वाटावीत.

दुपार झाली, आणि खुंट्याला जी भीती होती तेच झालं. म्हातारी अंगणात आली. मळलेल्या कपड्यांत, जट झालेल्या केसांत, अनवाणी. सरळ कातऱ्यापाशी गेली आणि जाकिटाचा वास घेतल्यासारखी थांबली.

"पाहुणे आलेत वाटतं," ती म्हणाली.

"आलो, वहिनी," कातऱ्या म्हणाला. उठला नाही, वर बघून हसलाही नाही. उतरलेल्या लोकरीचा एक पुंजका तिच्या हातात दिला. "यात कुसळं फार आहेत. जरा काढता का?"

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि कुसळं काढू लागली. लग्नानंतर तीस वर्षं तिने हेच काम केलं होतं. बोटं अजून विसरली नव्हती. बऱ्याच वेळाने कातऱ्या बाजूला सरकला, हाताची पाठ तिच्या मानेला टेकवून क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "वहिनी, इथेही कुसळं आहेत. काढू?"

"काढा की," ती म्हणाली.

आणि ज्या केसांना महिनाभर कुणाला बोट लावता आलं नव्हतं, ते त्याने मेंढीच्या कातरीने उतरवले. एकदा ती "नको" म्हणाली. त्याने तत्काळ हात काढला, एक मेंढी कातरून घेतली, आणि पुन्हा विचारलं. यावेळी तिने मान पुढे केली. कातरीचा कचकच आवाज येत होता, म्हातारी कुसळं काढत होती, आणि खुंटा एका मेंढीला शिंगाला धरून पुतळ्यासारखा उभा होता. मेंढीने दोनदा हिसका दिला, तेही त्याला कळलं नाही.

त्याला वाटलं, मला चावली. मला. रोज मी तिच्यासाठी पाणी तापवतो, भरवतो, तिची ओली अंथरुणं धुतो, आणि माझ्या मनगटावर दात. हा वर्षातून दोन दिवस येतो, आणि याच्या पुढ्यात मान. कोण म्हणतं तिला आठवत नाही? बरोबर आठवतंय. माझ्या आधीचं तेवढं सगळं आठवतंय.

कातऱ्या उतरलेले केस गोळा करून उकिरड्याकडे गेला. खुंटा डोळे बारीक करून बघत होता, की सगळे टाकतो की एखादी बट ठेवून घेतो. लांबून नीट दिसलं नाही. ते नीट न दिसणं त्याला रात्रभर पुरलं.

त्या दोन दिवसांत त्याच्या पोटात अन्न गेलं नाही. नेहमीचंच होतं ते.

गुरुवारी सकाळी शेवटची मेंढी उघडी झाली. वाडग्यात सगळ्या पांढऱ्याफेक, हलक्या, एकमेकींना न ओळखता हुंगत फिरत होत्या. एका कोपऱ्यात ते पोरकं कोकरू दुसऱ्याचं कातडं पाठीवर घेऊन शेपूट उडवत पीत होतं. खुंटा कोकराकडे बघत राहिला. मग कातऱ्याच्या जाकिटाकडे बघत राहिला. कातऱ्या कातर फडक्यात गुंडाळत होता.

"तुझं जाकीट ठेवून जा," खुंटा म्हणाला. हे चार शब्द बाहेर काढताना त्याला दात उपटून घेतल्यासारखं झालं.

"एवढ्या उन्हात?"

"काम आहे."

कातऱ्याने कोकराकडे पाहिलं. घराच्या दाराकडे पाहिलं. खुंट्याच्या बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग सावकाश जाकीट काढून कुंपणावर टाकलं.

"कोकराच्या मापाचं नाही ते, मालक," तो म्हणाला. आणि थोडं पुढे जाऊन, मागे न बघता, "डोक्यावरून पाणी ओतू नका. मेंढरूही बुजतं त्याने. पायापासून सुरू करा. आणि तिचे हात रिकामे ठेवू नका."

तो वळणापलीकडे गेल्यावर खुंट्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे जाकिटाचे खिसे उलटे केले. एका खिशात कातरीला धार लावायचा दगड निघाला. दुसऱ्यात तंबाखूची चिमूट आणि एक तुटलेलं बटण. केस नव्हते. शिवणही उसवून बघितली, नव्हते. असते तर बरं झालं असतं, असं त्याला क्षणभर वाटलं. निदान एवढी वर्षं फुकट तरी गेली नसती.

जाकीट पाठीवर तोकडं होतं आणि पोटावर ताणत होतं. वास असा, की डोळ्यांत पाणी यावं. खुंटा न्हाणीघरात गेला. यावेळी आधी खोली ऊबदार केली, दार उघडंच ठेवलं, पाटावर फडकं अंथरलं. मग लोकरीचा एक पुंजका घेऊन बाजूने तिच्याजवळ गेला. हाताची पाठ तिच्या मानेला टेकवली.

"पाहुणे," ती म्हणाली. "अजून गेला नाहीत?"

"जाईन," तो आवाज बदलून म्हणाला. "यात कुसळं आहेत."

ती त्याच्या मागोमाग आली आणि पाटावर बसली. त्याने तिच्या अंगाभोवती चादर टाकली आणि कपडे चादरीच्या आतून एकेक सोडवले. तिला उघडं पडल्याचं कळलंही नाही. मग पाय कोमट पाण्यात ठेवले. ती हुश्श म्हणाली. टाचा, बोटांच्या बेचक्या, पोटऱ्या. चादर एका बाजूने वर करायची, धुवायचं, पुसायचं, झाकायचं, मग दुसरी बाजू. एकदा तिने पाय ओढून घेतला. तो थांबला, नुसता बसून राहिला, आणि मनात एक मेंढी कातरली. पाय परत आला. खुंट्याच्या कानशिलांवरून घाम गळत होता. शेहेचाळीस वर्षांत त्याने हे पाय हातात घेतले नव्हते. तिच्या डाव्या पायाची करंगळी वाकडी आहे, हे त्याला आज कळलं.

हात झाले. आखूड केसांना साबण लागला. आता पाठ आणि काखा, जिथे चट्टे होते. तो चादर मागून सरकवणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं. नेमकं चावलेलं.

"पुरे," ती म्हणाली. "तुम्ही जा आता."

"का?"

"ते येतील."

"कोण?"

मंद माणसाकडे बघावं तसं तिने पाहिलं. "कोण म्हणजे? आमचे. त्यांना तुम्ही इकडे आलेलं आवडत नाही."

खुंट्याच्या हातातला साबण बादलीत पडला. तो काढायलाही तो वाकला नाही.

"असं म्हणाले ते?"

"बोलतात कुठे. पण तुम्ही असता ते दोन दिवस त्यांना घास जात नाही. ताट तसंच उठतं. मला दिसतं ना." ती लोकरीतलं कुसळ काढून बाजूला ठेवत होती. "म्हणून मी मागच्या खोलीत बसते."

"मग सांगायचं त्यांना. की तसं काही नाही म्हणून."

"एवढा मोठा माणूस. लाजेने मेले असते." तिने चादर खांद्यांवर घट्ट ओढली. "जा तुम्ही. उगीच त्यांच्या जिवाला नको."

आता आली का पंचाईत. ओरडून सांगावं, की अगं तो मीच. पण तो मीच म्हटलं की दात आणि किंचाळी. जाकीट काढावं तर परका, आणि अंगात ठेवावं तर याच घराच्या धन्यासाठी त्याला घराबाहेर काढलं जातंय. डोक्याला साबण तसाच, पाठीचे चट्टे तसेच, आणि रविवार तीन दिवसांवर. खुंटा आयुष्यात पहिल्यांदा हलला.

"त्यांनीच पाठवलंय मला," तो म्हणाला.

म्हातारी हसली. गेल्या वर्षी अंगणात हसली होती तशीच. "ते पाठवतील तुम्हाला? काहीतरीच. सूर्य पश्चिमेला उगवेल."

"खरंच. पाणी त्यांनीच तापवलं."

"काय म्हणाले?"

खुंट्याने घोट गिळला. तो घास, पंगतीतला, अजून तिथेच होता.

"म्हणाले," तो म्हणाला, आणि थांबला. "म्हणाले, माझं चुकलं. उगीच एवढी वर्षं तुला लांब बसवलं. माझ्या हाताला ती घाबरते, तुझ्या हाताला घाबरत नाही. तर तू कर. मला राग नाही."

तिची बोटं लोकरीत चालत होती.

"जेवलेत का ते?"

"जेवले," खुंटा म्हणाला. दोन दिवसांत पाण्यापलीकडे काही गेलं नव्हतं त्याच्या पोटात.

"मग आवरा लवकर," ती म्हणाली आणि पुढे वाकून पाठ त्याच्याकडे केली.

शुक्रवारी तसंच झालं, शनिवारी तसंच. रोज ती विचारायची की त्यांना माहीत आहे ना, आणि रोज खुंटा आपल्याच रुकाराची ग्वाही द्यायचा. चट्टे सुकायला लागले. खुंट्याला अंगातल्या जाकिटाचा वास येईनासा झाला, आणि मेंढ्या मात्र त्याला बघून बुजायला लागल्या, की आता हा पुन्हा काय कातरणार.

रविवारी सकाळी त्याने कोकराच्या पाठीवरचं कातडं सोडलं. मेंढीने हुंगलं, आणि पिऊ दिलं. खुंटा उठला, जाकिटाच्या बटणांना हात घातला. हेही आता उतरवायचं होतं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

मुलगा आत आला. आई दारात उन्हाला बसली होती. केस कोकरासारखे आखूड, पाय स्वच्छ, मांडीवर लोकर. तो तिच्यापाशी बसला, तिची पाठ बघितली, नखं बघितली. मग वडिलांकडे बघत राहिला. नाकाला रुमाल लावावासा वाटत होता, पण लावला नाही.

"ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ देत, आबा," तो शेवटी म्हणाला. "सध्या तरी. पण हे अंगात काय घातलंय? या उन्हात? काढा ते."

म्हातारीने मुलाची बाही ओढली आणि त्याला खाली वाकवलं.

"त्यांना काही बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "पाहुणे आहेत. तुझ्या आबांना विचारून आलेत."

खुंट्याने सोडायला घेतलेलं बटण पुन्हा लावलं, आणि त्याच्या वरचं, गळ्याशी आवळणारं, तेही लावलं.